तळाशी कुजबुजणारी ओळ

१. प्रिंटरचा घसा बसतो

रविवारी सकाळी आत्याच्या खोलीतला प्रिंटर मोठ्या तोऱ्यात नाटक छापत होता. पहिला प्रवेश छापून झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, आणि मग घसा बसलेल्या गवयासारखा घरघरून तो एकदम गप्प झाला.

"कागद संपला," भिंगरी म्हणाली.

कागद चांगला बोटभर उरला होता. संपलं होतं ते नाटक. चौथा प्रवेश, म्हणजे शेवटचा, म्हणजे ज्याच्यापायी आजोबा जेवतानासुद्धा ओठ हलवत बसायचे तो, नव्हताच. आत्यानं पेन ड्राइव्ह काढला, त्याच्यावर फुंकर मारली, परत लावला. आजोबांकडून परवलीचा शब्द पुन्हा टाकून घेतला. त्या वेळी सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं फिरवली, तशी घरची शिस्तच होती. फाइल उघडली. तिसरा प्रवेश संपत होता आणि त्याच्याखाली पांढरंशुभ्र पान होतं, नुकतीच चादर बदललेल्या पलंगासारखं.

"काल संध्याकाळी पूर्ण केला मी," आजोबा म्हणाले. "शेवटचं वाक्यसुद्धा लिहिलं."

आजोबा जन्मभर नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत अंधारात बसायचं, मांडीवर संहिता, आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचा. टाळ्या नटाला, हार नटाला. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाटक लिहायला घेतलं होतं आणि आज संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये, सगळ्या मंडळींसमोर, ते स्वतः वाचणार होते. सदऱ्याला इस्त्रीसुद्धा झाली होती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसता चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला आणि डबी मिटली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "दुसऱ्यांचे शब्द जन्मभर सांभाळले, एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही. स्वतःचे मात्र एक रात्र सांभाळता आले नाहीत. दिग्दर्शकबाईंना कळवा, वाचन रद्द. आणि आपलं लिहिणं पण आजपासून बंद."

"परत लिहा ना, आजोबा! डोक्यात असेलच."

"डोक्यातून कागदावर आलं की डोकं रिकामं होतं गं. एकदा उडालेला पक्षी पुन्हा त्याच फांदीवर बसायला येत नाही." असं म्हणून ते आपल्या खोलीत गेले आणि जाता जाता बजावून गेले, "माझ्या त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही. नकोच मला ते डोळ्यांसमोर."

दार लागता लागता आत टेबलावर त्यांच्या लॅपटॉपची बारकी बत्ती हळूहळू मिणमिणताना भिंगरीला दिसली. आजी दाराकडे बघत राहिली, आत्या पांढऱ्या पानाकडे.

भिंगरीचं घर मागच्याच गल्लीत होतं, पण तिचा मुक्काम कायम इथे. एका जागी बूड टेकत नाही म्हणून लहानपणी पडलेलं हे नाव तिला आता चांगलंच शोभायला लागलं होतं, कारण गेल्याच महिन्यात तिनं शाळेतली हरवलेली ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटामागून शोधून काढली होती. तेव्हापासून तिचा आत्मविश्वास गगनात मावत नव्हता. वर्गातल्या मुली आता हरवलेलं खोडरबरसुद्धा तिलाच विचारत.

"वाचन रद्द करायचं नाही," तिनं कमरेवर हात ठेवून जाहीर केलं. "मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. प्रवेश आहे. कुठेतरी आहे."

बोलून गेली खरी. कुठे आहे म्हणाल, तर तिला काडीचाही पत्ता नव्हता.

२. कधीच मुकी न राहणारी

आधी आत्या. कारण सगळ्यात जास्त अपराधी चेहरा तिचाच होता.

आत्यानं एक लिहिण्याचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. नाव 'पेटी'. दिसायला साधं: पान उघडा आणि लिहा. पण तुम्ही लिहीत असता तेव्हा पेटी पाठीमागे गुपचूप एन्क्रिप्शन करत असते, म्हणजे मजकुराची अशी गिचमिड करून पेन ड्राइव्हवर ठेवते की परवलीच्या शब्दावाचून ब्रह्मदेवाच्या बापालाही ती वाचता येऊ नये. आत्या त्याला सरळ 'कुलूप' म्हणायची. पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असायची: 'कुलूप लागतंय…' आणि काम झालं की 'कुलूप लागलं'.

या ओळीवरून घरात महाभारत झालेलं होतं. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला रंगारी. रंगारी म्हणजे आत्याचा सहकारी. पेटी दिसायला कशी असावी हे तो ठरवायचा. ब्रशला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नव्हता, पण सगळे त्याला रंगारीच म्हणत. पेटी उद्या लोकांसाठी खुली व्हायची होती, म्हणून तो रविवारीही हजर होता.

"मी पहिल्यापासून सांगतोय, ती ओळ नको," तो लगेच सुरू झाला. "माणूस लिहायला बसलाय आणि तळाला सारखं हे वळवळतंय. जेवताना कुणी कानाशी लागून 'आता घास गळ्यात, आता घास पोटात' असं सांगत बसलं तर?"

"पोटात नाही गेला, तर कळायला नको?" आत्या म्हणाली.

"नाही गेला तर ठसका लागतोच की!"

"कुलपाला ठसका लागत नाही रे राजा! म्हणून ओळ हवी. आणि ती कधीच मुकी राहणार नाही, हे मी भांडून करून घेतलंय. लागत असेल तर 'लागतंय', लागलं तर 'लागलं', अडलं तर 'अडलं'. ओळ गप्प बसली की माणूस आपल्या मनानं काहीही समजून घेतो."

"मग आता काय झालंय असं तुला वाटतं?" भिंगरीनं विचारलं.

आत्यानं नाक ओढलं. "पेटी परवलीच्या शब्दापासून किल्ली घडवते. ती जितकी जास्त घासून घडवावी तितकं चोराला अवघड. काल दुपारी आबा झोपले होते तेव्हा मी त्यांच्या पेटीत नवा बदल उतरवला. इथूनच, वायफायवरून. किल्ली आणखी घासायची. आबांचं नाटक, म्हटलं कुलूप पक्कं हवं. त्यामुळे कुलूप लागायला जरा जास्त वेळ लागतो, एवढंच. पण माझ्याच कुलपानं त्यांचा प्रवेश गिळला असेल तर? वडिलांचे शब्द खाणारी पेटी उद्या मी लोकांच्या हातात देऊ?"

"कुलूप अर्ध्यात अडलं असेल तर?"

"तर पेटी मजकूर सोडत नाही. यंत्र चालू आहे तोवर पोटाशी धरून बसते आणि तळाला तसं लिहिते. मी आबांना सकाळीच विचारलं, ओळ अडल्याचं म्हणाली का? म्हणाले, नाही. म्हणजे कुलूप नीट लागलं. आणि नीट लागलं की पेटी मशीनवर काहीही मागे ठेवत नाही, सगळं पेन ड्राइव्हवर. मग त्यांच्या लॅपटॉपमध्ये बघून उपयोग काय? आणि दार लावून बसलेत ते वेगळंच."

बोलणं बिनतोड होतं. भिंगरीला बिनतोड बोलणं मुळीच आवडत नसे. त्यात बोट घालायला फट नसते.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, आणि मग कुणी त्याच्यावर बसलंय की काय असा लांबलचक.

३. हॉर्नच्या मागोमाग बाई

दिग्दर्शकबाईंचा हॉर्न नेहमी बाईंच्या आधी घरात पोचायचा. मग हेल्मेट, मग बाई. त्या मंडळींची नाटकं बसवायच्या आणि आजोबांना 'मास्तर' म्हणायच्या. आजोबांचा निरोप आजीनं त्यांना फोनवर पोचवला होता.

"कोण म्हणतं वाचन रद्द?" त्यांनी जिन्यातूनच विचारलं. "खुर्च्या मांडून झाल्या आहेत माझ्या!"

भिंगरीनं त्यांना जिन्याच्या वळणावरच गाठलं. कारण बाईंवर तिचा दाट संशय होता. शेवट बदला म्हणून बाई आजोबांच्या मागे लागल्या होत्या, हे घरातल्या पालीलासुद्धा माहीत होतं.

"बाई, काल संध्याकाळी तुम्ही आला होतात?"

"आले होते. मास्तरांना हॉल दाखवायला न्यायचं होतं. का गं?"

"तुम्हाला त्यांचा शेवट नको होता ना?"

बाईंनी भिंगरीकडे नीट पाहिलं, आणि हसू दाबण्यासाठी हेल्मेट तोंडाशी धरलं. "अस्सं! उलटतपासणी चाललीय होय? हे बघ बाळ, मला शेवटी टाळ्या घेणारं वाक्य हवं होतं, आणि मास्तर म्हणत होते, माझं शेवटचं वाक्य कुजबुजून म्हणायचं आहे. कुजबूज मागच्या रांगेला ऐकू कशी जाणार? यावर आम्ही तासन्‌तास भांडलो. पण शेवट बदलायचा होता गं मला, चोरायचा नव्हता. आणि चोरणार कधी? मी वर आलेच नाही. खालून हॉर्न वाजवला, मास्तर लगबगीनं उतरले."

"हातात काय होतं?"

"हातात काही नव्हतं. हां, चष्म्याची डबी खिशात कोंबत होते. पायात एक चप्पल त्यांची, एक तुझ्या आजीची."

"म्हणजे घाईत होते."

"मी हॉर्न वाजवल्यावर सगळेच घाईत असतात," बाई अभिमानानं म्हणाल्या.

भिंगरीनं ही चप्पल मनातल्या मनात एका बाजूला काढून ठेवली. आजोबा म्हणजे सावकाशीचा पुतळा. पेटी वापरून झाली की पेन ड्राइव्ह काढायचा आणि चष्म्याच्या डबीत ठेवायचा, हा त्यांचा रोजचा नेम; पण त्याआधी ते चष्मा पुसत, लिहिलेलं शेवटचं वाक्य ओठांत घोळवत, चांगला वेळ काढायचे. काल मात्र वेळ कुठे होता?

पण ओळ? ओळ का बोलली नाही? सगळं तिथेच येऊन अडत होतं.

४. काळी पट्टी संपते

आजी शिवणाच्या मशीनपाशी बसली होती. मशीन चालू नव्हतं. ती नुसतीच आजोबांच्या कोटाचं एक बटण उगाच घट्ट करत होती, जे मुळात घट्टच होतं.

आजीनं मंडळींचा कपडेपट सांभाळला होता. राजाचा शेला काय आणि भिकाऱ्याची लक्तरं काय, सगळं तिच्या हातचं. तिला उघडं, लोंबतं, फाटकं काही बघवत नसे. म्हणून तर भिंगरीला नवल वाटलं होतं की गेले कितीतरी दिवस तिच्या दप्तराचा तुटलेला काळा बंद आजीनं शिवून दिला नव्हता.

"आजी, माझा बंद?"

"सांगितलं ना, काळी पट्टी संपली."

"अख्खं रीळ होतं की!"

"होतं. संपलं." आजीनं दोरा दातानं तोडला. "तुझ्या आजोबांच्या जिवाला चैन नाहीये, आणि तुला बंदाचं पडलंय?"

आजी कधी तोडून बोलत नसे. भिंगरीचे कान टवकारले. पण आजीचे डोळे भरलेले दिसले तेव्हा ती गपचूप खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

"तुला ठाऊक आहे का शेवटचा प्रवेश काय होता?"

"मला कसं ठाऊक असणार? एक अक्षर वाचून दाखवलं नाही. म्हणायचे, 'संध्याकाळी सगळ्यांबरोबर ऐक.'" आजी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. "किती अडले होते गं ते आधी. पहिला प्रवेश लिहायला तर जन्म लावला. दोन शब्द लिहायचे की थांबायचे, खाली बघायचे. दोन शब्द, की खाली बघायचे. मी दारातून बघायची. माझाच जीव वर-खाली व्हायचा. मग एकदाचे सुटले आणि भराभर लिहायला लागले."

"कशामुळे सुटले?"

आजीनं बटण पुन्हा ओढून बघितलं. "सुटले. माणूस सुटतो कधीतरी." मग विषय बदलावा तशी म्हणाली, "बोलायचं कमीच हो त्यांचं. खेळ संपला, दिवे गेले की संहिता बगलेत मारून कपडेपटात यायचे. मी घड्या घालत असायची. मग म्हणायचे, 'सगळ्यांचं बोलून झालं. आता तू बोल.' रोज. एक खेळ चुकला नाही. मग मी बोलायची आणि ते ऐकायचे, घर येईपर्यंत."

भिंगरीला तिथेच बसून ऐकत राहावंसं वाटलं. पण गुप्तहेरांना बसून राहणं परवडत नाही, म्हणून ती उठली. उठताना आजीच्या मांडीवरचा एक दोरा तिच्या बाहीला चिकटून आला.

काळा.

५. "काहीच नव्हतं"

आजोबांच्या दारावर तिनं थाप मारली नाही. दाराशी तोंड नेऊन ती कुजबुजली, "आजोबा, मी अडलेय."

आतून कडी निघाली. अडलेल्याला मदत करायची नाही, हे आजोबांना जमणारच नव्हतं.

खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, आणि टेबलावर लॅपटॉपच्या आकाराची धूळ नसलेली एक चौकोनी जागा होती. भिंगरीचं तिकडे लक्ष गेलं नाही, हे तिला पुढे फार लागलं. ती खुर्चीच्या हातावर बसली आणि तिनं सरळ विचारलं.

"काल काय काय केलंत? अगदी नटासारखं करून दाखवा."

"नट नाही गं मी," आजोबा म्हणाले, पण उठले. "शेवटचं वाक्य लिहिलं. पूर्णविराम दिला. खाली हॉर्न. पेन ड्राइव्ह काढला, डबीत टाकला, झाकण मिटलं आणि निघालो."

"थोडं थांबायचं होतं ना!"

"पडदा पडला की संहिता रंगमंचावर राहता कामा नये. ती आधी बगलेत, मग बाकीचं जग. हाडात मुरलेलं आहे ते."

"आणि झाकण मिटण्याआधी तळाच्या ओळीत काय होतं?"

"काही नव्हतं."

"'अडलं' असं नव्हतं?"

"नव्हतं गं. तुझ्या आत्यालाही तेच सांगितलं."

"मग 'कुलूप लागलं' असं होतं?"

आजोबांनी भुवया उंचावल्या. "तेही नव्हतं. ती ओळच नव्हती. बरेच दिवस नाहीये की. मला वाटलं, तुझ्या आत्यानं काढून टाकली. बरं झालं म्हटलं. मला फार त्रास व्हायचा तिचा. खालून कुणी कुजबुजलं की मी थांबणारच. तिकडे लक्ष द्यायचं नाही हे मला येतच नाही. पण पोरीनं एवढ्या हौसेनं केलंय, तिला कसं सांगायचं? म्हणून बोललो नाही."

भिंगरी खुर्चीच्या हातावरून घसरली आणि सरळ उभी राहिली.

ती कधीच मुकी राहणार नाही. भांडून करून घेतलंय.

आत्यानं विचारलं होतं, 'अडल्याचं म्हणाली का?' आजोबा म्हणाले, 'नाही.' दोघंही खरं बोलले होते आणि दोघांनी मिळून एक खोटं तयार केलं होतं! ओळ 'अडलं' म्हणाली नाही, पण 'लागलं' असंही म्हणाली नाही. आणि जी ओळ गप्प बसूच शकत नाही ती जर दिसत नसेल, तर ती गप्प नाही. ती झाकलेली आहे.

तिनं बाहीवरचा काळा दोरा उचलून उजेडात धरला.

"आजोबा! झाकण मिटलंत ना? बंद नाही ना केलंत? आणि ती कडेची बारकी लाल-पिवळी बत्ती, सकाळी तुम्ही दार लावलंत तेव्हा मला दिसली होती, ती हळूहळू चालू-बंद होत होती ना?"

"हो, घोरत असल्यासारखी. का?"

"कारण मेलेलं यंत्र घोरत नाही! कुठाय लॅपटॉप?"

आजोबांनी टेबलावरच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. "आत्ताच रंगारी घेऊन गेला. मीच दिला. म्हणाला, नवा बदल काढून जुनी पेटी टाकतो. आधी बंद करून पुन्हा सुरू करायला लागतं म्हणे."

६. बटणावरचा अंगठा

भिंगरी जिन्यावरून धावली नाही. ती जिन्यावरून पडली आणि पडताना पायऱ्या लागल्या, एवढंच. आत्याच्या खोलीत रंगारी लॅपटॉप उघडून बसला होता आणि त्याचा अंगठा बटणावर होता.

"दादा, हात काढ! आईशप्पथ हात काढ!"

रंगारीनं दोन्ही हात असे वर केले, जणू कुणी बंदूक रोखलीय. "अगं, दाबून धरणारच होतो, तेवढ्यात…"

"तेवढ्यात आजोबांचा प्रवेश मारणार होतास! तो यातच आहे. जिवंत आहे. झोपलाय."

ओरडा ऐकून सगळे गोळा झाले. आत्या, बाई हेल्मेटसकट, आजोबा धापा टाकत, आणि मागे दाराच्या चौकटीला धरून आजी. भिंगरीनं घसा खाकरला. या क्षणाची तिनं शाळेची ढाल सापडल्यापासून वाट पाहिली होती.

"चोर कुणीच नाही," ती म्हणाली. "चार जणांनी मिळून केलंय आणि चौघांनीही मायेपोटी. आत्या, तू कुलूप पक्कं केलंस, त्यामुळे ते लागायला वेळ लागू लागला. बाई, तुम्ही हौसेनं हॉर्न वाजवलात, त्यामुळे आजोबांची घाई झाली. आजोबा, तुम्ही संहिता आधी बगलेत मारलीत, म्हणजे कुलूप अर्ध्यावर असतानाच पेन ड्राइव्ह उपटलात. त्यावर राहिली ती जुनी प्रत, तीन प्रवेशांची. सकाळी आपण तीच छापली."

"पण मग ओळीनं सांगितलं असतं!" आत्या म्हणाली.

"सांगितलंय. कालपासून बिचारी सांगतेय. कुणी ऐकलं नाही." भिंगरीनं काळा दोरा सगळ्यांना दाखवला. "लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. मी आजी गाठली."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आजीचा चेहरा खोडी पकडली गेलेल्या सातवीतल्या मुलीसारखा झाला होता.

"अहो, तुम्ही सारखे खाली बघायचात," ती आजोबांना म्हणाली, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. "ते ठिपके पळायचे आणि तुमचा हात थांबायचा. मला बघवेना. तुम्ही झोपलात तेव्हा काळ्या पट्टीची बारीक झालर शिवली आणि त्या ओळीवर चिकटवून टाकली. मला वाटलं, नुसती शोभेची ओळ आहे. मला काय माहीत ती कामाचं बोलते! सकाळपासून ध्यानातही आलं नाही माझ्या…"

"तू?" आजोबा म्हणाले. "मला वाटत होतं, मीच आता सुधारलो."

आत्यानं लॅपटॉप जवळ ओढला. पडद्याची चौकट काळी आणि तिच्या खालच्या अंगाला तितकीच काळी, तितकीच नीटस साटिनची पट्टी, टीप अशी सरळ की यंत्राच्या कारखान्यातच शिवली असावी. रंगारीनं मान खाली घालून निरखलं आणि मनापासून म्हणाला, "काय फिनिशिंग आहे!"

"तू गप," आत्या म्हणाली. पडद्यावर परवलीच्या शब्दाचा चौकोन वाट बघत होता. "आबा, टाका."

सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. बाईंनीसुद्धा. बटणांची टकटक झाली, मग काहीच नाही. काहीच नाही. भिंगरीला भिंतीवरचा एक पोपडा आयुष्यभर लक्षात राहील इतका पाठ झाला.

"आहे," आजोबा म्हणाले. "आहे गं सगळा."

भिंगरीनं पुढे होऊन पट्टीचं एक टोक नखानं उचललं आणि हळूच सोलून काढलं. खाली बारीक अक्षरांत ओळ होती. कालपासून होती.

'कुलूप अडलं. पेन ड्राइव्ह परत लावा. तोवर तुमचे शब्द मी धरून ठेवले आहेत.'

आजोबांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "हे कुणी लिहिलं?"

"मी," आत्या म्हणाली. "का? चुकलं का काही?"

"नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी जन्मभर हेच काम केलं. माझ्यासाठी कुणीतरी विंगेत बसलंय, असं मात्र आज पहिल्यांदा झालं."

त्यांनी डबीतून पेन ड्राइव्ह काढून लावला. 'कुलूप लागतंय…' ठिपके पळायला लागले. सहा माणसं श्वास रोखून एका बारीक ओळीकडे बघत होती आणि रंगारीचे तर ओठसुद्धा हलत होते.

'कुलूप लागलं.'

बाईंनी आनंदाच्या भरात हेल्मेटवर टाळी वाजवली. प्रिंटर पुन्हा मोठ्या तोऱ्यात सुरू झाला, जसं काही सकाळी घसा बसला तो हा नव्हताच.

"पण ओळीचं काय करायचं?" रंगारीनं विचारलं. "हलली तर लिहू देत नाही, झाकली तर घात करते."

"अरे, विंगेत बसणाऱ्याला विचारा की," आजोबा म्हणाले. कितीतरी वेळानं त्यांच्या आवाजात जरा ऐट आली होती. "नट नीट बोलत असतो तेव्हा प्रॉम्प्टर हातवारे करत नाही. पण तो जागेवर आहे, हे नटाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत असतं. आणि नट अडला की लांबच्या विंगेतून ओरडून उपयोग नाही. तो उभा असेल त्याच्या जवळून सांगायचं. हळू, पण नेमकं."

आत्या आणि रंगारी एकमेकांकडे बघायला लागले. "ठिपके काढायचे," आत्या म्हणाली. "ओळ स्थिर ठेवायची," रंगारी म्हणाला. "आणि अडलं तर निरोप तळाला नाही, लिहिणाऱ्याच्या ओळीशेजारी!" दोघं एकदम म्हणाले. महाभारत तिथेच संपलं.

७. कुजबूज मागच्या रांगेला

संध्याकाळी हॉल गच्च भरला. आजोबांच्या अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि दोन्ही पायांत स्वतःच्याच चपला. आजी पुढच्या रांगेत, बाजूला आत्या आणि रंगारी. भिंगरीला मात्र आजोबांनी विंगेत बसवलं, संहितेची प्रत मांडीवर देऊन. "अडलो तर," एवढंच म्हणाले. शाळेची ढाल या मानापुढे फिकी पडली.

ते अडले नाहीत. पहिला प्रवेश, दुसरा, तिसरा. जन्मभर कुजबुजलेला आवाज हळूहळू मोकळा होत गेला. लोक हसले, गप्प झाले, पुन्हा हसले. मग चौथा प्रवेश आला. त्यात एक म्हातारा प्रॉम्प्टर रिकाम्या रंगमंचावर येतो. सगळे नट घरी गेलेत. दिवे गेलेत. बगलेत संहिता आहे, पण ती संपलीय. तो पुढे येतो, काहीतरी बोलायचं म्हणून. स्वतःचं.

आजोबांनी पान उलटलं. शेवटचं वाक्य उरलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. चष्मा धुकटला होता.

विंगेत भिंगरीचं बोट वाक्यावर होतं. तिनं श्वास घेतला, पुढे झुकली, आणि वाक्य वाचून तशीच थांबली. हे वाक्य सांगायचा मान तिचा नव्हता. तिनं पुढच्या रांगेकडे पाहिलं.

आजी आधीच खुर्चीच्या टोकाशी आली होती. तिनं हा प्रवेश कधी वाचला नव्हता, ऐकला नव्हता. पण रिकामा रंगमंच, गेलेले दिवे आणि बगलेत संहिता मारलेला माणूस दिसला की पुढे काय येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"सगळ्यांचं बोलून झालं," ती हळूच म्हणाली. हळू, पण नेमकं. "आता तू बोल."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे, एक काना इकडचा तिकडे न करता, पुन्हा म्हटले. कुजबुजूनच.

मागच्या रांगेला ऐकू गेले.